तुझा एकट्याचा, का घराचा?

सकाळी ६.४५, लोणावळा. पुण्याकडे जाणारी लोकल पकडते. पिशवीत प्रश्नावल्या, शिडीचं चित्र चिकटवलेले पुठ्ठे, मूठभर चिंचोके, संमतीचे कागद आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड. मावळातल्या सातवी-आठवीच्या आदिवासी आणि बिगर-आदिवासी मुलांचं बरं चाललंय का, हे मुलांच्याच तोंडून समजून घ्यायचं, हे माझं काम.

८.१५, अंदर मावळ. कान्ह्याला उतरून टाकव्यामार्गे जीपने कातकरी वाडी गाठली. दिवाळी उलटली की इथली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. त्यामुळे कागदावर अंगठा बहुधा आजीचा. तिला सगळं वाचून दाखवते. "पोरगा नको म्हणाला तर?" ती विचारते. "तर नाही विचारणार, आजी." पालकांच्या अंगठ्याइतकाच मुलाचा होकारही लागतो.

१०.४५, शाळा. परिपाठ झाल्यावर गुरुजींना वर्गाबाहेर थांबायची विनंती करते. शिक्षक समोर असले की मुलं बरोबर उत्तर शोधतात, खरं सांगत नाहीत. आधी जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ची पाच प्रश्नांची सूची. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, झोपेतून ताजंतवानं उठलात का, अशा स्वरूपाचे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पर्यंत. चारने गुणलं की शंभरपैकी आकडा. ५० किंवा त्याहून कमी आला तर त्या मुलाशी निवांत बोलायचं. वाडीतलीच कॉलेजात जाणारी एक मुलगी सोबत असते. ती प्रश्न कातकरी बोलीत सांगते आणि मुलं सैलावतात.

१२.००. आता शिडी. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ साली मांडलेली ही पद्धत: खाली शून्य, वर दहा, आपलं आयुष्य जिथे वाटतं त्या पायरीवर खूण करायची. आम्ही चिंचोका ठेवायला सांगतो. एक मुलगा चिंचोका हातात फिरवत राहिला. "ताई, माझा एकट्याचा ठेवू, का घराचा?" दोन्ही ठेव म्हटलं. स्वतःचा सातवर ठेवला: ओढ्यात खेकडे भरपूर मिळाले होते, कबड्डीत त्याला घेतलं होतं. घराचा तीनवर: आई-बा भट्टीवर. छापील कागदात फक्त सातला जागा आहे. तीन मी समासात लिहिला.

घराला मोजमापात जागा देण्याचा विचार नवा नाही. न्यूझीलंडचे मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८०च्या दशकात माओरी लोकांचं आरोग्य चार भिंतींच्या घरासारखं मांडलं. शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत खचली तर घर डळमळतं. आपल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी मुलांसाठीही मोजमाप त्यांच्या जगण्यातूनच घडायला हवं. घरची माणसं जवळ आहेत का, रानात जाता येतं का, आपली बोली वर्गात बोलता येते का, जातीवरून कुणी हिणवतं का, हे विचारल्याशिवाय त्यांचं सुख-दुःख कळणार नाही.

दुपारी ३.००, लोणावळ्यातली शाळा. इथल्या मुलांचे आईवडील हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात, रेल्वेत. एका मुलीने चिंचोका पाचवर ठेवला. शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांची झुंबड, तिला दुकानात उभं राहावं लागतं, सोमवारी चाचणी. वाडीतल्या एकीनेही आधी पाचच सांगितले होते, पण तिचं कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं. आकडा एकच, पण दोघींना लागणारी मदत अगदी वेगळी.

५.३०. कमी गुणांच्या प्रश्नावल्या आधी बाजूला काढते. ज्यांच्या उत्तरांनी काळजी वाटते त्यांच्यासाठी अहवालाची वाट पाहत नाही. मुलाला विश्वासात घेऊन, त्याच्या भरवशाच्या मोठ्या माणसाशी बोलते. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि बालसाहाय्याचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक मुलाच्या वहीत लिहून दिलेले असतात.

रात्री ८.००. तक्ता भरते. आदिवासी मुलांची एक सरासरी, बिगर-आदिवासींची दुसरी, एवढंच छापलं तर वाचणारा दोष मुलांच्या जातीत शोधेल. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे महिना, आईवडील कुठे आहेत आणि घराचा चिंचोका कितीवर, हे लिहितेच. भट्टीवरची माणसं पावसाआधी परततील, तेव्हा याच मुलांना पुन्हा विचारायचं. घराची पायरी तेव्हा वर सरकली, तर समुपदेशनाइतकीच गरज आईवडिलांना गावाजवळ काम मिळण्याची आहे, हे अहवालात ठामपणे मांडता येईल. तो अहवाल आधी वाडीत वाचून दाखवायचा, मग कार्यालयात द्यायचा.