टॉमीच्या टोकावर

सकाळी 7.00. वारज्यात महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर पंक्चरच्या दुकानाचं शटर वर जातं. आधी कॉम्प्रेसर, मग चहा. दुकानदार साठ किलोचा, जेमतेम.

8.20. ट्यूबलेस दुचाकी. पक्कडीनं खिळा ओढला, सोल्यूशन लावलेली वात आत खुपसली. शंभर रुपये.

11.10. कात्रज बोगद्याकडून ट्रक आला. पुढचं चाक बसलेलं. ड्रायव्हर उतरून थेट जॅक काढतो.

‘‘थांबा मामा, आधी नट.’’

चाक टेकलेलं असतं तोवर रस्ताच ते धरून ठेवतो. उचललं की नटाबरोबर चाकच फिरणार. पाना लावला, नट हलेना. मग दांड्यावर मीटरभराचा पाइप घातला आणि दुकानदार टोकावर जाऊन उभा राहिला. साठ किलो, म्हणजे सुमारे 588 न्यूटन, नटापासून मीटरभर लांब. फूटभर दांड्यावर उभा राहिला असता तर पिळाचा जोर तिसरा हिस्साही भरला नसता. कर्रर्र. सुटला. असे सगळे.

11.45. जॅकखाली जाड फळी, नाहीतर उन्हानं मऊ झालेल्या डांबरात तोच रुततो. दांडा कितीदा तरी खालीवर होतो तेव्हा कुठं चाक बोटभर उचललं जातं. जोर थोडा लागतो, हेलपाटे फार. चाक शंभरेक किलोचं. तो ते उचलतच नाही. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, खाली सारून सरकवतो, मग गडगडवत नेतो.

12.30. ट्यूबला पॅच बसला. आता हवा, 110 पौंड, म्हणजे आतल्या दर चौरस इंचावर तेवढा रेटा. टायर धरणारी रिंग नीट बसली नसेल तर ती उडते आणि समोरच्याला घेऊन जाते. म्हणून रिमला साखळी. ड्रायव्हर डोकावतो.

‘‘तोंड काढा, मामा.’’

1.15. नट समोरासमोरचे आवळले. साडेतीनशे सांगितले, तीनशे मिळाले. दुकानदार विचारतो, ‘‘नवले पुलाच्या उताराला न्यूट्रल केली होती?’’ ड्रायव्हर हसतो. गिअरमध्ये इंजिनही गाडी आवरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या घर्षणावर. त्यानं डिझेल वाचतं, हा ड्रायव्हरचा समज. त्याच उतारावर 20 नोव्हेंबर 2022 ला एका ट्रकमुळे अनेक वाहनांचं नुकसान झालं होतं.

4.00. ऊन. गिऱ्हाईक नाही. भाकरी आत्ता.

रात्री 9.30. गल्ला चौदाशे. हाताखालच्या माणसाला पाचशे, पॅच-सोल्यूशनचे दीडशे. कॉम्प्रेसरचा पट्टा आणखी महिनाभर ओढायचा, असं ठरलंय.