चर राखणारं होनिंग

इंजिनाच्या सिलिंडरचा बोअर आरशासारखा गुळगुळीत असावा, असं कुणालाही वाटेल. तसा बोअर इंजिनाला घातक ठरतो. पिस्टनच्या रिंगा आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकावा लागतो, आणि चकचकीत भिंतीवर तेल टिकत नाही; ते धरायला भिंतीवर बारीक चर लागतात. कमी लोडवर दीर्घकाळ चालवलेल्या डिझेल जनरेटरमध्ये हे दिसतं: अर्धवट जळलेल्या तेलाचा थर चरांमध्ये बसतो, भिंत काचेसारखी होते आणि इंजिन तेल खाऊ लागतं. होनिंग करायचं ते हे चर नीट पाडण्यासाठी आणि राखण्यासाठी.

होनिंगच्या हेडवर सिलिकॉन कार्बाइडचे किंवा हिऱ्याच्या कणांचे लांबट स्टोन बसवलेले असतात. हेड बोअरमध्ये फिरतं, त्याच वेळी वर-खाली होतं आणि स्टोन भिंतीवर दाबले जातात. त्यातून एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या चरांची जाळी उठते. जाड स्टोनच्या चरांना कडेनं टोकं राहतात. बारीक स्टोनचे मोजके फेरे देऊन तेवढीच छाटायची आणि खालचे चर शाबूत ठेवायचे, हे प्लॅटो होनिंग. टोकं रिंगांनी आपोआप झिजतीलच, मग हा खर्च कशाला, असं विचारलं जातं. झिजतात खरी, पण तो चुरा तेलात उतरतो आणि रिंगाही सोबत झिजतात. आजच्या पातळ तेलाच्या इंजिनांत चर उथळ ठेवतात. तरी ते लागतातच.

म्हणूनच ड्रॉइंगवर एकटा ‘आरए’चा आकडा लिहिणं मला अपुरं वाटतं. तो फक्त सरासरी उंचसखलपणा सांगतो. शिखरांच्या जागी तेवढ्याच दऱ्या आल्या तरी आकडा तोच राहतो. पण पहिला बोअर रिंगा खाईल, दुसरा तेल धरील. टोकं, गाभा आणि चर वेगवेगळे मोजणारे ‘आरपीके’, ‘आरके’ आणि ‘आरव्हीके’ मागायला हवेत. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्याला ते जमेल, रिबोअरिंगच्या छोट्या दुकानानं काय करायचं? मोजमाप नसलं तरी स्टोनची निवड, शेवटचे फेरे आणि जाळीचा कोन कारागिराच्या हातात असतात. धुणंही असतं. नुसत्या रॉकेलनं पुसलं तर स्टोनचे कण चरांतच राहतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. मग तेल लावलेलं पांढरं फडकं फिरवायचं, आणि ते राखाडी निघालं तर बोअर पुन्हा धुवायचा.