डब्यातलं क्रिएटिन, कपातली कॉफी

तिवस्याला पहाटे अमरावती-नागपूर महामार्गाच्या कडेने धावणारी मुलं दिसतात, त्यातली बरीचशी पोलीस भरतीच्या तयारीतली. संध्याकाळी त्यांतलीच काही जिममध्ये भेटतात. पूर्वी त्यांच्या खुराकाच्या गप्पा दूध, अंडी आणि भिजवलेल्या हरभऱ्यांपाशी संपायच्या. आता त्यात क्रिएटिनचा डबा आला आहे, आणि डब्याबरोबर एक शंकाही आली आहे: "कॉफी पेली का क्रिएटिन वाया जाते म्हनते. खरं हाय का भाऊ?"

शंका हवेतून आलेली नाही. १९९६ साली बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ तरुणांवर एक प्रयोग केला. त्यांना सहा-सहा दिवसांच्या फेऱ्यांत कधी नुसती बनावट भुकटी, कधी क्रिएटिन आणि कधी क्रिएटिनसोबत कॅफिन दिलं. नुसत्या क्रिएटिनच्या फेरीनंतर गुडघा झटक्याने सरळ करण्याची ताकद १० ते २३ टक्क्यांनी वाढली. कॅफिन जोडल्यावर ती वाढ दिसलीच नाही. गंमत अशी, की स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा साठा दोन्ही वेळा सारखाच वाढला होता. म्हणजे कॅफिनने क्रिएटिनला स्नायूंत जाण्यापासून अडवलं नव्हतं, ते पोटातही 'मेलं' नव्हतं. बिघडलं होतं ते पुढे कुठेतरी.

हे 'पुढे' समजायचं तर भरतीच्या मैदानावरच उभं राहू. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. शंभर मीटरच्या शिट्टीला स्नायू जी ऊर्जा खर्च करतो तिचं नाव एटीपी. तयार एटीपी जेमतेम दोन-तीन सेकंद पुरतं. मग फॉस्फोक्रिएटिन आपल्याजवळचा फॉस्फेट देऊन वापरलेलं एटीपी पुन्हा उभं करतं. हा साठाही पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंदांत उतरतो आणि भरून यायला काही मिनिटं विश्रांती लागते. क्रिएटिनची भुकटी करते ते एवढंच, की हा साठा थोडा वाढवते. तिच्यामुळे गोळा एकदम मीटरभर लांब जात नाही. सरावात मात्र एखादी स्प्रिंट किंवा वजनाची एखादी उचल जास्त निघते आणि ताकद त्या जास्तीच्या सरावातून येते.

कॅफिनची तऱ्हा वेगळी. दिवसभर मेंदूत अडेनोसिन साठत जातं आणि आपल्याला थकवा जाणवतो. कॅफिन अडेनोसिनच्या जागा आधीच अडवून बसतं, त्यामुळे तेवढीच मेहनत हलकी वाटते. ऊर्जा त्यातून मिळत नाही. ते पोटात गेल्यावर पाऊण ते एक तासात रक्तात सर्वांत जास्त असतं. क्रिएटिनला असली घाई नाही. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तर साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. दिवसाला वीस ग्रॅम चार भागांत घेणारे तो आठवड्यात भरतात, पण त्यांचं वजनही एक-दोन किलोने चढतं. ते मुख्यतः पाणी असतं.

मग ल्यूवेनमध्ये काय अडलं? त्याच गटाने पुढे २००२ मध्ये दाखवलेली एक गोष्ट मला सर्वांत पटण्याजोगी वाटते. स्नायू आखडतो तेव्हा त्यात कॅल्शियम सुटतं आणि सैल होताना ते परत ओढून घ्यावं लागतं. क्रिएटिनने स्नायू सैल व्हायला लागणारा वेळ कमी होतो, रोजच्या कॅफिनने तो वाढतो. एकामागून एक झटके मारायचे असतील तर प्रत्येक झटक्यानंतर स्नायू पटकन सैल होणं महत्त्वाचं. तिथे ही दोघं एकमेकांच्या उलट ओढतात.

पण नऊ माणसांवरून नियम करायचा का? त्या प्रयोगात नुसतं कॅफिन दिलेली फेरीच नव्हती. शिवाय क्रिएटिनने भरलेला साठा ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे एकाच माणसावर फेऱ्या आलटून-पालटून करणं अवघड होऊन बसतं. आधीच्या ज्या प्रयोगांनी क्रिएटिनची कीर्ती झाली, त्यांतल्या काहींत ते गरम चहा-कॉफीतूनच पाजलं होतं आणि गुण आला होता. २००२ मध्येच इंग्लंडमधल्या एका गटाने क्रिएटिनने साठा भरलेल्या धावपटूंना चाचणीच्या तासभर आधी, शरीराच्या दर किलोमागे पाच मिलिग्रॅम कॅफिन दिलं. ते ट्रेडमिलवर कॅफिन न घेतलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकले. फरक लक्षात घ्या: भरणीच्या दिवसांत रोज भरपूर कॅफिन वेगळं आणि साठा भरल्यावर चाचणीपुरतं कॅफिन वेगळं. आज उपलब्ध पुराव्यावरून 'कॉफीने क्रिएटिन वाया जातं' हे विधान मी तरी करणार नाही.

पाच मिलिग्रॅम म्हणजे किती, हेही पाहू. साठ किलोच्या मुलाला ते होतात ३०० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीचे चारेक कप. टपरीवरच्या कटिंगने कुणाचं क्रिएटिन बिघडत नाही, आणि कुणाचा वेगही वाढत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमानुसार लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे पावलिटरच्या कॅनमध्ये ७५. जपायचं ते प्री-वर्कआउट पावडरला. तिच्या एका चमच्यात दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम सहज असतात आणि बरेचदा क्रिएटिनही त्यातच मिसळलेलं असतं.

खरी गाठ इथे आहे. कॅफिनचं अर्धं आयुष्य साधारण पाच तासांचं, माणसागणिक कमी-जास्त. संध्याकाळी सहाला जिमच्या आधी ३०० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री अकराला दीडशे शिल्लक असतं. पहाटे चारला धावण्याचा गजर वाजतो तेव्हाही पंच्याहत्तर, म्हणजे एक कप कॉफी, अंगात फिरतेच आहे. झोप उथळ होते, पहाटेची धाव जड जाते, मग दुसऱ्या दिवशी चमचा आणखी भरून घेतला जातो. स्नायूंतल्या कॅल्शियमपेक्षा हा फेरा मला जास्त घातक वाटतो. दुपारनंतर कॅफिन बंद, हा एक नियम पाळला तरी बरंच साधेल. क्रिएटिन आणि कॅफिन एकदम उपाशीपोटी घेतल्याने काहींचं पोट बिघडतं. त्यांनी क्रिएटिन जेवणानंतर घ्यावं.

आता गुणांचा हिशेब. क्रिएटिनचा उपयोग शंभर मीटर आणि गोळा या तीस गुणांच्या बाजूला. १६०० मीटरची पाच-सहा मिनिटांची धाव प्रामुख्याने दमाची, तिथे त्याची थेट मदत फारशी नाही. उलट भरणीने चढलेलं किलो-दोन किलो पाणी घेऊनच चार फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून भरतीच्या मुलांनी वीस ग्रॅमच्या भानगडीत न पडता रोज तीन ग्रॅमवर थांबलेलं बरं. कॅफिन मात्र दमाच्या धावेला उपयोगी पडू शकतं. फक्त त्याची पहिली ओळख चाचणीच्या दिवशी करून घेऊ नये. छातीत धडधड आणि हातपायांना कंप घेऊन सुटणारे धावपटू थोडे नसतात.

शाकाहारी घरातल्या मुलांना क्रिएटिनचा फरक जास्त जाणवण्याची शक्यता असते, कारण ते आहारातून मिळतं ते मांस-मासळीतून. एक किलो कच्च्या मटणात चार-पाच ग्रॅम, डाळी-भाजीत नाहीच. शरीर स्वतः रोज ग्रॅमभर बनवतं, त्यामुळे शाकाहाऱ्याचं काही अडत नाही, पण साठा थोडा उणा राहतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची, १९१४ पासूनची, परंपरा या जिल्ह्याला आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली, तेव्हा क्रिएटिनचे डबे जगात कुठेच विकले जात नव्हते. डबा परवडत नसेल तर खंत करायचं कारण नाही.

दोन्ही पदार्थ खेळाडूंना निषिद्ध नाहीत. कॅफिन २००४ च्या सुरुवातीला प्रतिबंधित यादीतून निघालं, क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कधी नव्हतंच. धोका भेसळीचा असतो. म्हणून नुसतं क्रिएटिन मोनोहायड्रेट, परवाना क्रमांक छापलेलं आणि सीलबंद घ्यावं.

शेवटचं सांगणं दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना, कारण तिथे किडनीच्या तक्रारी जुन्या आहेत. निरोगी माणसाच्या किडनीला नेहमीच्या मात्रेतल्या क्रिएटिनने अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. मात्र ज्यांची किडनी आधीच दुबळी आहे त्यांनी ते घेऊ नये. म्हणून डबा उघडण्याआधी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. पुढे कधी तीच तपासणी झाली तर 'मी क्रिएटिन घेतो' हे डॉक्टरांना आधी सांगा. क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही अहवालातला आकडा चढलेला दिसू शकतो.