लिनक्सच्या जन्माची उरलेली गोष्ट

लिनक्सची कथा बहुधा एकट्या हुशार विद्यार्थ्याची म्हणून सांगितली जाते. हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ही प्रणाली लिहायला घेतली, हे खरेच. पण त्याने लिहिला तो फक्त कर्नेल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यातला गाभा. त्या सप्टेंबरातली पहिली आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची होती. भोवतीचा कंपायलर, शेल अशी हत्यारे रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८३ मध्ये घोषित झालेल्या ग्नू प्रकल्पाने आधीच तयार ठेवली होती. ग्नूचे अडले होते ते नेमके कर्नेलवर. शिवाय टोरवाल्ड्सच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटपाला मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ग्नूचा जीपीएल परवाना स्वीकारला: विका, बदला, पण बदललेली प्रत वाटाल तर तिचा स्रोतही खुला ठेवा. माझ्या मते खरे वळण हेच.

यावर आक्षेप असा, की बीएसडी ही दुसरी प्रणालीही मुक्त होती आणि अधिक मुरलेली होती. ती १९९२ ते १९९४ कोर्टकज्जात अडकली म्हणून लिनक्सचे फावले. नशिबाचा हा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण खटला मिटल्यावरही बीएसडीला ते अंतर भरून काढता आले नाही. तिच्या परवान्यात सुधारणा खुल्या करण्याचे बंधन नव्हते. लिनक्समध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही ते पाळावे लागले. परिणाम समोर आहे: नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या ‘टॉप ५००’ यादीतले सर्व महासंगणक लिनक्सवर चालतात.