दुधाळ्याचा माळ आणि शांततेचा हिशेब

पुसद आणि उमरखेड तालुक्यांच्या कडेने वाहणारी पैनगंगा ही विदर्भ आणि मराठवाडा यांची जुनी शीव असून, इसापूर धरणाच्या जलाशयापलीकडे हिंगोली जिल्ह्याची हद्द सुरू होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा यवतमाळकरांना मुख्यतः दोन कारणांनी परिचित आहे: औंढ्याचा नागनाथ आणि नर्सीचे नामदेव. आता त्यात तिसऱ्या कारणाची भर पडत आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत असून, तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. यवतमाळ जिल्ह्यात या तोडीचे संशोधन केंद्र नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या दृष्टीने मोठ्या विज्ञानाचा सर्वांत जवळचा पत्ता हाच आहे.

औंढ्याची जुनी ओळख अर्थातच देवस्थानाची आहे. यादव काळातील शिल्पांनी मढलेले हे मंदिर परंपरेने बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते, विसोबा खेचरांनी नामदेवांना उपदेश केला तो येथेच असे मानतात, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी हे देऊळच फिरले अशी आख्यायिका वारकऱ्यांच्या तोंडी आहे. ज्या गावाने दगडी देऊळ फिरल्याची कथा शतकानुशतके जपली, त्याच्या परिसरात आता अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल मोजणारे यंत्र बसणार आहे, हा योगायोग नोंदवून पुढे जाणे बरे.

गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशाच्या पोतात उठणारा तरंग. प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू वेगाने एकमेकींभोवती फिरून एकमेकींत मिसळतात, तेव्हा हा तरंग प्रकाशाच्या वेगाने चहूकडे पसरतो आणि वाटेतील प्रत्येक अंतर क्षणभर एका दिशेने ताणतो, तर काटकोनातील दिशेने आखडतो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून ही कल्पना १९१६ मध्ये पुढे आली, तरी तिचा थेट पुरावा हाती येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील दोन लायगो यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर झालेले दोन कृष्णविवरांचे मीलन टिपले. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची ती विवरे एकरूप होताना तीन सूर्यांइतके वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होऊन लहरींच्या रूपाने निघून गेले. पृथ्वीवर मात्र त्याचा परिणाम चार किलोमीटरच्या अंतरात प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान फरक पडण्यापुरताच होता.

हा फरक मोजण्याचे तत्त्व जुने आणि सोपे असले, तरी त्याची रचना कमालीची अवघड आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या एकमेकींशी काटकोन करून टाकायच्या, लेसरचा एक झोत दुभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा, टोकांवरील आरशांवरून तो परतवायचा आणि दोन्ही झोत पुन्हा एकत्र आणून त्यांच्या लाटा परस्परांशी जुळतात की चुकतात हे पाहायचे, अशी ही मांडणी असून, अशा यंत्राला व्यतिकरणमापक म्हणतात. हवेच्या रेणूंमुळेही झोत थरथरतो, म्हणून नळीतील दाब वातावरणाच्या एक लाख-कोटीव्या हिश्शापर्यंत उतरवावा लागतो. आरसे प्रत्येकी ४० किलो वजनाचे, शुद्ध सिलिकाचे असतात आणि जमिनीचा कंप त्यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून ते सिलिकाच्याच बारीक तंतूंनी, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेले असतात. स्थापत्याच्या अंगाने तर आणखी एक गंमत आहे: प्रकाश सरळ जातो, जमीन मात्र पृथ्वीच्या गोलाईने वाकते, आणि हे वाकणे चार किलोमीटरमध्ये मीटरभराहून अधिक भरत असल्यामुळे नळीचा पाया पाणसळीने नव्हे, तर त्या गोलाईची वजाबाकी करून रचावा लागतो.

अशा यंत्राला जागा कशी लागते, यातच दुधाळ्याच्या निवडीचे मर्म आहे. रेल्वेगाडी, अवजड मालमोटारी, खाणीतील सुरुंग, कारखान्यातील यंत्रे, इतकेच काय, जोराचा वारा आणि दूरच्या समुद्राच्या लाटा यांचाही कंप जमिनीतून यंत्रापर्यंत पोहोचतो. लिव्हिंगस्टनच्या आसपास लाकूडतोडीचा व्यवसाय आणि रेल्वेमार्ग असल्याने तेथील यंत्र सुरुवातीच्या काळात दिवसा नीट चालत नसे आणि कंप शोषणारी वेगळी यंत्रणा बसवल्यावरच ते स्थिरावले. म्हणून भारतात जागा शोधताना सपाटी, पायाखालचा भक्कम खडक आणि माणसांच्या वर्दळीपासूनचे अंतर या कसोट्या लावल्या गेल्या, आणि अनेक ठिकाणांतून निवड झाली ती काळ्या कातळावरच्या, मोठे शहर किंवा उद्योग जवळ नसलेल्या या माळाची. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर नियोजनाच्या प्रत्येक अहवालात ज्याला मागासलेपण म्हटले जाते, तीच येथे पात्रता ठरली.

निवडीला एक बोचरी बाजूही आहे. शेजारच्या वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत, आणि २०२४ मध्ये मार्च व जुलै महिन्यांत जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. हे ऐकून जागा चुकली असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु क्वचित बसणारा धक्का आणि रोजचा कंप या दोन निराळ्या बाबी होत. धक्क्याने यंत्राचे मोजमाप काही काळ तुटते आणि ते पुन्हा जुळवून घेता येते, तर रोजच्या कंपाने ते कायमचे बधिर होते. भूकंपाचा प्रश्न इमारतींच्या मजबुतीचा आणि त्याहूनही अधिक आसपासच्या गावांतील मातीच्या घरांचा आहे.

पैशाची कथा मात्र यंत्रापेक्षा गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने १९९० च्या दशकाच्या आरंभी लायगोचा भार उचलला, तेव्हा खुद्द तेथील अनेक खगोलशास्त्रज्ञांनीच इतका पैसा एका अनिश्चित प्रयोगावर लावण्यास विरोध केला होता. २००२ ते २०१० या काळात पहिल्या पिढीच्या यंत्रांना एकही लहर सापडली नाही, तरी निधी थांबला नाही, यंत्रे सुधारली गेली, आणि एकूण खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्यावर यश मिळाले. त्याच देशात १९९३ मध्ये टेक्सासमधील महाकाय कणत्वरक हा प्रकल्प सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यानंतर संसदेने बंद केला आणि जमिनीखाली खोदलेले बोगदे निरुपयोगी झाले. मोठ्या विज्ञानाला सरकारी पैसा किती मिळतो यापेक्षा तो किती सातत्याने मिळतो हे महत्त्वाचे, असा या दोन उदाहरणांचा अर्थ निघतो.

हॅनफर्डला बसवण्यासाठी तयार होत असलेला यंत्रांचा एक अतिरिक्त संच दुसऱ्या खंडात नेण्याचे ठरले, तेव्हा पहिला प्रस्ताव ऑस्ट्रेलियाला होता. निधीची तजवीज न झाल्याने त्या देशाने २०११ मध्ये नकार दिला आणि संधी भारताकडे वळली. पुण्यातील आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था यांनी त्यासाठी तयारी चालवली होती. आयुकात संजीव धुरंधर यांनी लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेचून काढण्याच्या गणिती पद्धतींवर पहिला शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून काम केले होते. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोधाची घोषणा झाली आणि अवघ्या सहा दिवसांत केंद्राने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. तत्त्वतः मान्यता म्हणजे इरादा मान्य. जमीन, सर्वेक्षण आणि आराखडे यांपुरता पैसा मिळतो, उभारणीचा नव्हे. उभारणीची मंजुरी मिळण्यास त्यानंतर सात वर्षे गेली. सुमारे ८ कोटी डॉलर किमतीचा तो संच दरम्यान अमेरिकेत खोक्यांत बंद होता.

ही दिरंगाई केवळ कागदोपत्री नव्हती. लहर आकाशातून नेमकी कोठून आली हे ठरवण्यासाठी दूरदूरच्या यंत्रांवर ती किती फरकाने पोहोचली हे पाहावे लागते. २०१५ ची पहिली लहर दोनच यंत्रांनी टिपल्यामुळे तिचा उगम सुमारे ६०० चौरस अंशांच्या, म्हणजे तीन हजार पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढ्या पट्ट्यात कोठेतरी, इतकेच सांगता आले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील व्हर्गो हे तिसरे यंत्र जोडीला असताना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आवळता आली आणि जगभरच्या दुर्बिणींनी ती आकाशगंगा काही तासांत शोधून काढली. हिंगोलीचे यंत्र इतरांपासून दूर, वेगळ्या अक्षांश-रेखांशावर असल्यामुळे ही जागा आणखी नेमकी करील. तथापि, प्रकल्प पूर्ण होण्याचे नियोजित वर्ष २०३० आहे.

यवतमाळच्या वाचकाच्या मनात येथे येणारा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या पट्ट्यात कापसाच्या पिकाने आणि कर्जाने शेतकऱ्यांचे जीव घेतले, त्याच्या शेजारी कृष्णविवरांसाठी २,६०० कोटी कशाला? सरकारी विज्ञानाचा लाभ या भागाने पूर्वी घेतलेला आहे. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्यातील चारही कृषी विद्यापीठे स्थापन झाली आणि परभणीचे विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण एके काळी यवतमाळच्या शिवारांतही परिचित होते. तेथे सरकारी पैशाचे फळ बोंडाच्या रूपाने दिसत असे; लायगोत तसे काही दिसणार नाही. लेसर, निर्वात आणि सूक्ष्म मापनाच्या तंत्रातून उद्योगांना मिळणारे लाभ खरे असले, तरी त्यांना खर्चाचा मोबदला म्हणून पुढे करणारा हिशेब नेहमी थोडा ओढूनताणून केलेला वाटतो. त्यापेक्षा प्रमाण पाहणे प्रामाणिकपणाचे. वर्ध्याजवळील पवनारपासून यवतमाळ, हिंगोलीमार्गे गोव्याच्या सीमेपर्यंत प्रस्तावित असलेल्या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाचा अंदाजित खर्च सुमारे ८६,००० कोटी सांगितला गेला आहे. त्या हिशेबाने ही वेधशाळा चोवीस-पंचवीस किलोमीटर रस्त्याच्या किमतीत उभी राहते. शेतकऱ्याच्या वाट्याचा पैसा वेधशाळेने खाल्ला, हे म्हणणे आकड्यांवर टिकत नाही. मात्र दुधाळ्याच्या शिवारातील शाळेला, रस्त्याला आणि तेथील मुलांच्या शिक्षणाला या गुंतवणुकीतून काय मिळते, हा प्रश्न टिकतो.

त्याच शक्तिपीठ महामार्गाच्या नियोजनात औंढा नागनाथ हे एक प्रमुख ठिकाण आहे. वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला असून, पुढचे रूळ पुसद, उमरखेडकडे सरकत आहेत. रेल्वे तशी दूरच राहील. परंतु रस्ता, त्यावरच्या अवजड मालमोटारी, त्यांच्यामागून येणारे खडीचे क्रशर आणि गोदामे यांचे अंतर कागदावर आताच ठरवावे लागेल, कारण माळाची शांतता हा त्या २,६०० कोटींतील असा घटक आहे, जो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नाही.