पंधरा पावलं, आठ पावलं

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला गाडी येत नाही याचं कुणाला काही वाटत नाही. सकाळची फास्ट लोकल पकडून आत उभं राहता आलं की तिथलं लायसन्स मिळाल्यासारखंच असतं. त्यामुळे चाळिशी उलटेपर्यंत मला दुचाकीची गरज पडली नाही आणि हौसही वाटली नाही. नाशिकला राहायला आलो आणि पंधरा दिवसांत समजलं की इथे गाडी न येणं म्हणजे लिहिता-वाचता न येणं. शेजारचा अकरावीतला मुलगा मला भाजीची पिशवी घेऊन चालताना पाहून गाडी थांबवायचा आणि विचारायचा, "काका, सोडू का?" कायद्यानं त्याला गिअरची गाडी चालवायची परवानगीच नव्हती. पण हे त्याला सांगायला तरी मला गाडी यायला हवी होती.

चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकायला निघालो. गाडी मेव्हण्याची, २०१५ सालची, १२५ सीसी. शिकवणारे खालच्या मजल्यावरचे अण्णा. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. माझं शिकाऊ लायसन्स आल्यावरच ते तयार झाले. पुढे-मागे लाल अक्षरातला 'एल' मी लावला की नाही, हेही त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. "तीस दिवस म्हणजे तीस दिवस," अण्णा म्हणाले. "एकतिसाव्याला जायची घाई नको, भाऊ."

पहिल्या दिवशी चावी त्यांच्या खिशातच राहिली.

वस्तीबाहेर प्लॉट पाडून ठेवलेल्या जागेत एक रिकामा डांबरी रस्ता आहे, शेजारी मुरमाचं मैदान. तिथे तासभर मी गाडी नुसती ढकलत होतो. डावीकडून, उजवीकडून, मग गोल. साधारण १२० किलोचं धूड आपल्या कुठल्या बाजूला किती कललं की हातातून निसटतं, हे इंजिन बंद असतानाच कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मग डबल स्टँड. मी बैल उचलायच्या आविर्भावात सीट ओढत होतो. त्यांनी मला बाजूला केलं, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि उजव्या पायानं स्टँडच्या खुंटीवर नुसते उभे राहिले. गाडी आपोआप मागे सरकून चढली. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि हाताला जोर म्हणून नाही.

नंतर त्यांनी चक्क गाडी आडवी पाडली, मैदानावर, मऊ जागा बघून. "उचला." हँडल धरून समोरून उचलायला गेलं की कंबर धरते. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटच्या कडेला लावायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची पकड धरायची आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकायचं. मग सगळं काम मांड्या करतात. उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधी काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे कोसळते. चौथ्या वेळी जमलं. विशीतल्या पोराला हे कुणी शिकवत नाही, त्याची गाडी पडली तर चौघे मित्र धावतात. माझ्या वयाचा माणूस पडला की चौघे आधी फोन काढतात.

दुसरा दिवस क्लचचा. पहिला गिअर खाली, बाकीचे वर, मध्ये न्यूट्रल. रेस अजिबात द्यायची नाही, फक्त क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी गाडी किंचित दबते, इंजिनचा आवाज जड होतो, तिथे हात थांबवायचा. गाडी मुंगीच्या चालीनं निघते. तोच हाफ क्लच. पुन्हा दाबला की थांबते. वीस फुटांत दहा वेळा निघायचं, दहा वेळा थांबायचं, दोन्ही पाय जमिनीवर घासत. सव्वीस वेळा गाडी बंद पडली, मी मोजत होतो. अण्णा शांतपणे शेंगदाणे खात होते. मोठेपणी शिकताना खरा अडथळा हाच असतो. पाय ठीक असतात, हात ठीक असतात, पण मैदानाच्या कडेनं फिरायला आलेले लोक बघतायत हे मानेला सारखं जाणवत राहतं. आणि त्या लाजेपोटी माणूस क्लच झटकन सोडतो.

तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस मात्र फक्त ब्रेक.

मला कंटाळा आला होता. दुसरा गिअर पडत होता, वारा लागत होता, आता जरा लांब जाऊ असं वाटत होतं. अण्णांनी रस्त्यावर एक वीट ठेवली. तीसच्या वेगानं यायचं, विटेपाशी ब्रेक लावायचा. आधी फक्त मागचा. मागचं चाक फरफटलं, गाडी शेपूट हलवल्यासारखी वळवळली आणि कुठेतरी थांबली. त्यांनी विटेपासून पावलं मोजली. पंधरा. मग दोन्ही ब्रेक. पुढच्या ब्रेकला माझा हात जाईना. लहानपणापासून ऐकलेलं, पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो. सायकलवरून एकदा पडलोही होतो.

"म्हैस पिळलीय का कधी?" अण्णांनी विचारलं. डोंबिवलीत नाही पिळली. "आचळ ओढलं की लाथ बसते. पिळलं की दूध येतं. ब्रेकची मूठ पिळायची, ओढायची नाही. आधी जराशी, मग जास्त."

ब्रेक लागताच सगळं वजन पुढे सरकतं, पुढचं चाक जमिनीला घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं चाक गाडी थांबवणार कसं? ते नुसतं घसरतं. जोर पुढच्यात असतो, मात्र वजन पुढे यायला क्षणभर द्यायला हवा. म्हणून मूठ पिळायची. त्या संध्याकाळी आठ पावलांत थांबलो. तोच माणूस, तीच गाडी, तोच वेग. पंधरा आणि आठमध्ये सात पावलं उरतात, आणि रस्त्यावर त्या सात पावलांत एखादं पोर मावतं.

एक जुना अभ्यास मी नंतर वाचला. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिसच्या भागातले नऊशेच्या आसपास मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत हाताशी वेळ असे दोन सेकंदांहून कमी. आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं, पुढचा मात्र पुरेसा वापरलाच नाही. म्हणजे विटेपाशी मी पहिल्यांदा केलं, तेच. मीसुद्धा शेजाऱ्याकडूनच शिकत होतो, पण शेजारी बरा मिळाला.

आता नव्या गाड्यांना थोडी मदत असते. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे ब्रेक लावताना चाक अडकत नाही. १२५पर्यंतच्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. नवीन शिकणाऱ्यानं परवडत असेल तर एबीएसवाली घ्यावी असं माझं मत. मेव्हण्याच्या गाडीला दोन्ही नव्हतं.

सहाव्या दिवशी पडलो. रस्त्यावरून मैदानात वळताना, वेग चालण्याइतका, हँडल वळलेलं, खाली मुरूम, समोर कुत्रं आलं आणि मी शिकलो तसा इमानदारीत पुढचा ब्रेक लावला. चाक पायाखालून चादर ओढावी तसं गेलं. हाताला मोजे होते म्हणून तळवा वाचला, गुडघा सोलला. कुत्रं बसून पाहत होतं. वळताना, वाळूवर, ओल्या चिखलावर पुढचा ब्रेक लावायचा नाही. आधी गाडी सरळ करायची, मग ब्रेक. हे अण्णांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. कान शिकले होते, हात शिकायचा होता.

हेल्मेटचं मात्र मी पहिल्यापासून ऐकलं. नाशिकला २०२१च्या १५ ऑगस्टपासून पोलिसांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं, तेव्हा पंपावर मागच्याचं हेल्मेट दोन मिनिटांसाठी उसनं घेणारे मी पाहिलेत. जणू हेल्मेट पेट्रोलचं कूपन आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेल्यांची संख्या ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. ही मागची माणसं बहुधा कुणाची तरी बायको, आई, भाऊ.

हेल्मेट डोक्याला लागतं हा शोधही एका अपघातातूनच पुढे गेला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडात सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला. सहा दिवसांनी वारला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. १९४१ साली त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजा आणि हेल्मेटचा उपयोग यांवर लेख लिहिला. ब्रिटनमध्ये सगळ्यांना सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडलं. तेव्हा विरोध करण्यात आपण एकटे नाही.

दुकानात टेप घेऊन जा. भुवयांच्या वर बोटभर, डोक्याभोवती मोजा. माझं ५८ सेंटिमीटर भरलं. पूर्ण तोंड झाकणारं घ्या, पट्टा लावा आणि मान जोरात हलवा. हेल्मेट हललं आणि गाल जागेवर राहिले, तर ते मोठं आहे. गाल हेल्मेटबरोबर ओढले जायला हवेत. मागे आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा असतो. जून २०२१पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याकडेला काय टांगलेलं असतं ते आपण बघतोच. बाहेरचं कवच चमकतं, पण डोकं वाचवतो आतला थर्माकोल. तो चेपतो म्हणून कवटी फुटत नाही. एकदा चेपला की संपला. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी टाकायचं, आणि कुणाचं जुनं वापरायचं नाही.

रस्त्यावर पहिल्यांदा निघालो ते रविवारी सकाळी सहाला, गंगापूर धरणाच्या दिशेनं. अण्णा मागे त्यांच्या स्कूटरवर. इथे एसटीचा ड्रायव्हर शिकवायला असण्याचा खरा फायदा कळला. बाकी सगळे गाडी कशी चालवायची ते सांगतात, अण्णा समोरच्याला मी कसा दिसतो ते सांगत होते.

"तुम्हा लोकांना वाटतं, एवढी मोठी काच आहे, ड्रायव्हरला सगळं दिसतं," ते चहाच्या टपरीवर म्हणाले आणि बिस्किटाचा पुडा बस म्हणून टेबलावर ठेवला. पुढच्या काचेच्या अगदी खाली माणूस उभा असला तरी दिसत नाही. डाव्या बाजूला पुढच्या चाकापाशी काही दिसत नाही. मागे चिकटून चाललात तर तुम्ही नाहीच. "आरशात तुम्हाला माझं तोंड दिसत नसेल, तर मला तुम्ही दिसत नाही. एवढंच लक्षात ठेवा." मग त्यांनी पुडा डावीकडे वळवून दाखवला. लांब गाडीला डावीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर आधी थोडी उजवीकडे घेतो, कारण मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं, बस उजवीकडे चालली, डावीकडे वाट मोकळी झाली. तो घुसतो आणि मागचं चाक त्याच्यावर येतं. चहाच्या ग्लासाजवळ शेंगदाणा ठेवून त्यांनी पुडा फिरवला. शेंगदाणा चिरडला नाही, फक्त खाली पडला. पण आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी काय पाहिलं असेल, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मोठ्या गाडीच्या डावीकडची मोकळी जागा मला मोकळी वाटत नाही.

बाकीचं हळूहळू अंगवळणी पडलं. खड्ड्याकडे पाहिलं की गाडी नेमकी खड्ड्यात जाते, म्हणून नजर जिथून जायचं तिथे ठेवायची. वेगात डावीकडे वळताना हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, हे सांगितलं तेव्हा पटलं नाही. पण सायकलवर आपण नकळत तेच करत आलोय. पहिल्या पावसात पहिला तास घरी बसायचं, कारण रस्त्यावर साचलेलं तेल पाण्यावर येतं. गटाराची लोखंडी झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे ओले असताना साबणासारखे होतात. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे जायचंच नाही. ट्रॉलीचा दिवा असेल-नसेल, काय सांडेल याचा भरवसा नाही.

पक्क्या लायसन्सची परीक्षा म्हणजे आठाचा आकडा, पाय न टेकता. चाळिसाव्या दिवशी दिली, पाय टेकला नाही. अण्णांनी पेढा घेतला आणि विचारलं, "मागे कुणाला बसवणार नाही ना इतक्यात?" तीन महिने नाही बसवलं. मागे माणूस आला की तोल बदलतो, थांबायला जास्त जागा लागते, आणि चुकलं तर दोघं पडतात. सोमेश्वरला पहिल्यांदा बायकोला घेऊन गेलो तेव्हा दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. तिचं माझ्यापेक्षा महाग, तिनेच निवडलं.

तुम्ही वीस वर्षं गाडी चालवत असाल आणि हे सगळं वाचून हसू आलं असेल, तर एक करा. येत्या रविवारी सकाळी रिकामा, कोरडा, सरळ रस्ता शोधा, आरशात मागे कुणी नाही हे बघा, एक वीट ठेवा, तीसच्या वेगानं या आणि विटेपाशी ब्रेक लावा. मग उतरून पावलं मोजा.