मालमोटारीचे वंगणतेल : निवड, बदल आणि विल्हेवाट

बैलगाडीच्या काळात लांबच्या प्रवासास निघताना शहाणा गाडीवान आखाला वंगण दिल्याशिवाय बैल जुंपीत नसे. कुरकुरणारे चाक म्हणजे गाडीवानाच्या आळसाची दवंडीच समजली जाई. आज बैलगाडीची जागा मालमोटारीने घेतली असली तरी वंगणाचे महत्त्व तिळमात्र कमी झालेले नाही. फरक एवढाच की, बैलगाडीचे कोरडे चाक ओरडून आपले दुखणे सांगत असे. मालमोटारीचे इंजिन मात्र बहुधा मुकाट्याने झिजते आणि मालकास जेव्हा त्याची जाणीव होते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

नाशिक जिल्ह्यातून कांदा, द्राक्षे व इतर माल घेऊन अनेक मालमोटारी मुंबई-आग्रा मार्गाने उत्तरेकडे जातात. धुळे, शिरपूर ओलांडल्यावर सेंधव्याजवळ बिजासन घाट लागतो. पुढे खलघाट येथे नर्मदा ओलांडून मानपूरच्या बाजूने इंदूर आणि तेथून उज्जैन, असा हा सुमारे साडेचारशे कि.मी.चा रस्ता आहे. घाटाचा चढ, भरलेला माल, उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा आणि सोयाबीनच्या हंगामात माळव्याच्या काळ्या मातीची उडणारी धूळ, या साऱ्यांचा भार शेवटी इंजिनातील तेलावर पडतो. त्यातच नाशिक येथे २०२७ साली आणि उज्जैन येथे २०२८ साली सिंहस्थ पर्व येत असल्याने या मार्गावरील वाहतूक वाढणार, हे उघड आहे.

एकाच मालमोटारीवर ज्यांचा प्रपंच चालतो असे अनेक मालक तेल बदलण्याचे काम स्वतःच करतात. त्यात गैर काही नाही. वाहन हमीच्या मुदतीत असेल, तर हमीच्या अटी प्रथम वाचून घ्याव्यात, एवढेच. परंतु तेल व फिल्टर यांची निवड चुकली, तर वाचविलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च इंजिन उघडण्यासाठी करावा लागतो. यास्तव या विषयाची थोडी शास्त्रीय माहिती येथे देण्यात येत आहे.

तेल काय काय करते?

इंजिनातील तेल केवळ घर्षण कमी करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ते एकाच वेळी पाच कामे करीत असते. फिरत्या भागांमध्ये ते पातळ थर धरून ठेवते; पाणी जेथे पोहोचत नाही अशा भागांची उष्णता वाहून नेते; ज्वलनातून येणारी काजळी स्वतःमध्ये तरंगती ठेवून भाग स्वच्छ राखते; पिस्टनच्या कड्यांभोवतीची फट सांधते; आणि ज्वलनात तयार होणारी आम्ले मारून गंज टाळते. यांतील काही कामे मूळ तेलात मिसळलेल्या रासायनिक द्रव्यांमुळे होतात. तेल स्वतः फारसे संपत नाही. संपतात ती ही द्रव्ये. म्हणूनच पट्टीवर तेल पुरेसे दिसत असले तरी ठराविक अंतरानंतर ते बदलावे लागते.

डब्यावरील आकडे आणि अक्षरे

तेलाच्या डब्यावर दोन प्रकारच्या खुणा असतात. पहिली खूण दाटपणाची. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली ही वर्गवारी सुरू केली व पुढे ती जगभर रूढ झाली. मालमोटारींसाठी सर्वत्र आढळणारे १५डब्ल्यू-४० हे तेल उदाहरणादाखल घेऊ. यातील 'डब्ल्यू' हे अक्षर इंग्रजीतील 'विंटर' म्हणजे हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर होय. त्यामागील १५ हा आकडा तेल थंडीत कितपत वाहते हे दाखवितो. पुढील ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानास तेलाचा दाटपणा किती राहतो हे सांगतो. म्हणजे हे तेल सकाळी थंड इंजिनात लवकर चढते आणि इंजिन तापल्यावरही वाजवीपेक्षा पातळ होत नाही.

"भाऊ, गाडी जुनी झाली आहे, जरा जाड ऑईल द्या," असे दुकानात अनेकदा ऐकू येते. ही समजूत घातक ठरू शकते. इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत तेल वरच्या भागांपर्यंत व टर्बोपर्यंत पोहोचलेले नसते आणि झिजेचा मोठा वाटा याच वेळी असतो. तेल जितके जाड, तितका हा विलंब अधिक. उज्जैनकडे हिवाळ्यातील पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, हे येथे ध्यानात घ्यावे. इंजिन तेल खाऊ लागले असेल, तर त्याचे कारण शोधणे हाच उपाय होय. जाड तेल हा केवळ आडपडदा आहे.

दुसरी खूण गुणवत्तेची. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या म्हणजे 'एपीआय'च्या वर्गवारीत डिझेल इंजिनाच्या तेलास 'सी' हे आद्याक्षर असते. १९९८ साली सीएच-४, २००२ साली सीआय-४ आणि २०१६ साली सीके-४ या श्रेणी आल्या. अक्षर जितके पुढचे तितके तेल नवे, असा सर्वसाधारण नियम सांगता येईल. मात्र एफए-४ या पातळ तेलाची श्रेणी निराळी आहे. वाहनाच्या पुस्तकात स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज ते वापरू नये.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू झाले. या मानकाच्या मालमोटारींत धुरातील काजळी अडविणारी जाळी बसविलेली असते. अडकलेली काजळी तापमान वाढवून जाळता येते. परंतु तेलातील द्रव्यांपासून उरणारी राख जळत नाही. ती साचत जाऊन जाळी तुंबते. म्हणूनच अशा वाहनांना कमी राखेचे तेल लागते. सीके-४ श्रेणीत राखेचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असू नये, असे बंधन आहे. जुन्या मोटारीतील उरलेले तेल 'वाया का घालवा' म्हणून बीएस-६ मोटारीत ओतणे कितपत महाग पडते, हे यावरून कळून येईल.

तात्पर्य, सर्वांत महाग किंवा सर्वांत जाड तेल उत्तम नव्हे. वाहनाच्या पुस्तकात जो दाटपणा व जी श्रेणी छापली आहे, तेच उत्तम. पुस्तक हरवले असल्यास वाहनाचा नमुना व वर्ष सांगून उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडून ही माहिती मिळवावी.

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला नव्हे

तेल नवे घालायचे आणि फिल्टर मात्र जुनाच ठेवायचा, ही काटकसर म्हणजे स्नान करून मळलेले कपडे पुन्हा अंगावर चढविण्यासारखे आहे. फिल्टरमधील घडीदार कागद धातूचे कण, धूळ व काजळीच्या गुठळ्या अडवितो. तो तुंबला तर इंजिन तेलावाचून कोरडे पडू नये, म्हणून एक पडदा उघडून तेल न गाळता पुढे जाऊ देण्याची सोय केलेली असते. ही सोय आवश्यक आहे. पण तिच्यामुळेच फिल्टर निकामी झाल्याचे चालकास कळत नाही. गाडी पळत राहते आणि अडविलेला कचरा टाळून गढूळ तेल सरळ बेअरिंगपर्यंत जाते.

बाजारात दिसावयास हुबेहूब असे स्वस्त फिल्टर मिळतात. त्यांचे आटे बसतात. पण आतील कागद, गोंद, पडद्याच्या स्प्रिंगचा दाब व रबरी कडे योग्य असतीलच असे नाही. पुस्तकातील भाग क्रमांक पाहूनच फिल्टर घ्यावा. तेल व फिल्टर मोहोरबंद स्थितीत, पक्क्या बिलाने घ्यावेत. रिकामा डबा व फिल्टरचे खोके टाकण्यापूर्वी कापून निकामी करावे, म्हणजे त्यांत बनावट माल भरून विकणाऱ्यांचा मार्ग बंद होतो.

याच वेळी हवेचा फिल्टरही पाहावा. हवेच्या नळीची एक सैल पट्टी पुरेशी धूळ आत सोडते आणि ती धूळ सिलिंडर घासून अखेर तेलातच येते. कागदी फिल्टर टायरवर आपटून झाडू नये. त्याने कागदास बारीक चिरा पडतात. डिझेल फिल्टरखालील पाणीही ठराविक वेळी काढून टाकावे.

तेल बदलण्याची रीत

गाडी सपाट जागेवर उभी करून हातब्रेक लावावा व चाकांना अडण द्यावी. इंजिन कोमट असावे. कडकडीत गरम तेलाने हात भाजतात, तर थंड तेल पूर्ण उतरत नाही. चेंबरखाली पुरेसे मोठे भांडे ठेवावे; मालमोटारीच्या नमुन्याप्रमाणे दहा लिटरपासून वीस-पंचवीस लिटरपर्यंत तेल निघू शकते. चेंबरचा बोल्ट काढल्यावर धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत थांबावे. बोल्टावर धातूचे मोठे तुकडे दिसल्यास गाडी रस्त्यावर न काढता जाणकार मिस्त्रीस दाखवावी. बोल्ट बसविताना वायसर नवा घालावा.

जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनास चिकटून राहिले नाही ना, याची खात्री करावी. जुन्यावर नवे कडे बसल्यास तेल जोराने बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या कड्यास बोटाने थोडे नवे तेल लावावे. कडे टेकल्यानंतर फिल्टरवर छापलेले असतील तेवढेच फेरे हाताने आवळावे.

नवे तेल एकदम पूर्ण न ओतता पट्टी पाहत भरावे. इंजिन सुरू करून मंद गतीवर ठेवावे. तेलाच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. तोपर्यंत ॲक्सिलरेटर दाबू नये. नंतर इंजिन बंद करून, तेल खाली उतरण्यास काही मिनिटे देऊन पट्टी पुन्हा पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावे. अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे; फिरता दांडा त्यास घुसळून फेस करतो व फेसात वंगणशक्ती राहत नाही. दिनांक, कि.मी., तेलाची श्रेणी व फिल्टरचा क्रमांक यांची वहीत नोंद ठेवावी. शासकीय वाहनांच्या नोंदवहीतही ही माहिती असणे इष्ट आहे.

किती अंतराने तेल बदलावे, यास एकच उत्तर नाही. जुन्या इंजिनांचे अंतर काही हजार कि.मी. असे, नव्यांचे कित्येक हजारांनी वाढले आहे. धूळ, घाट, रांगेत तासन् तास चालू राहणारे इंजिन अशी परिस्थिती असेल, तर पुस्तकातील कष्टाच्या वापरासाठी दिलेले कमी अंतर पाळावे.

तेल काळे झाले म्हणजे ते बिघडले, असेही नाही. काजळी उचलून धरणे हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे, आणि डिझेलचा वास येऊन पातळ लागल्यास डिझेल मिसळत आहे, असे समजून तपासणी करून घ्यावी. शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग दाखविता येईल. वापरातील तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून काही तास ठेवावा. काजळी कडेपर्यंत सारखी पसरली, तर तेलात अजून दम आहे. मध्ये घट्ट काळा ठिपका व भोवती स्वच्छ तेलाचे कडे उरले, तर तेल थकले आहे. प्रयोगशाळेच्या तपासणीची सर यास नाही. पण बोध पुरेसा होतो.

जळके तेल क्षिप्रेत नको

काम येथे संपत नाही. एक जबाबदारी उरते. काढलेले तेल नाल्यात ओतणे, मातीत मुरविणे, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर शिंपडणे किंवा चुलीत जाळणे, हे प्रकार अद्याप आढळतात. या तेलात जड धातू व कर्करोगास कारण ठरू शकणारी द्रव्ये असतात. म्हणून काम करताना हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. एका मोटारीतून निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हटले आहे. ही गोष्ट लहान मोटारीची. मालमोटारीचे तेल तर त्याच्या कितीतरी पट असते.

उज्जैनच्या नाल्यात पडलेले तेल क्षिप्रेत जाते. तेथून ते चंबळ, यमुना व गंगा या वाटेने पुढे जाते. इंदुरात सांडलेले तेलही कान्ह नदीतून उज्जैनजवळ त्रिवेणी येथे क्षिप्रेसच मिळते. नाशिककडे हीच गोष्ट गोदावरीची. ज्या घाटांवर लक्षावधी भाविक श्रद्धेने स्नान करणार, त्याच पाण्यात आपल्या गाडीचे जळके तेल मिसळावे, असे कोणता मालक म्हणेल?

वापरलेले तेल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते, म्हणून २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. मालकांनी एवढेच करावयाचे : तेल स्वच्छ, झाकणाच्या डब्यात साठवावे, त्यात पाणी, रंग वा पेट्रोल मिसळू देऊ नये, जुना फिल्टर पालथा ठेवून निथळून घ्यावा, आणि हे सर्व नोंदणीकृत संकलकाकडे अथवा ते स्वीकारणाऱ्या सेवा केंद्राकडे द्यावे. ग्रामपंचायतींनी व वाहतूक संघटनांनी मोटारतळावर एक सामाईक पिंप ठेवल्यास हे काम सहज होईल.

पुस्तक पाहून तेल घ्या, तेलाबरोबर फिल्टर बदला आणि जळके तेल योग्य हाती द्या, ही त्रिसूत्री लक्षात ठेवण्यास सोपी व आचरण्यास स्वस्त आहे. तिच्या पालनाने मालकाची मिळकत टिकेल, घाटात अडकून पडणारा माल वेळेवर पोहोचेल आणि नदीही निर्मळ राहील.